डावं-उजवं आणि रंगीत छत

प्रिय मेहुणेबुवांस,

आधी तब्येतींची हजेरी घेतो. तुमची कंबर कशी आहे? तुमच्या सौभाग्यवतींचा गुडघा जिना चढतो की अजून नुसता कुरकुरतो? सासूबाईंच्या कानाचं काय झालं? (त्यांना ऐकू येत नाही की ऐकायचं नसतं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नये.) इकडे तुमची ताई ठणठणीत आहे आणि मी तिच्या तावडीत आहे, म्हणजे मीही ठीकच.

तर पत्रास कारण ते जुनं शहर. आपल्या बाइंडिंगच्या दुकानात त्या शहराच्या राजवाड्यावरचं पुस्तक वर्षानुवर्षं बांधायला येत असे, तुम्हाला आठवत असेल. त्यात रंगीत छताचं एक चित्र खळ लावून हाताने चिकटवावं लागे. मी चिकटवायचो, ही समोर बसून छापील पानांचे फर्मे शिवायची आणि मधूनच मान वर करून म्हणायची, "एकदा हे खरं बघायचं हो." आम्ही आपले, बघू बघू. मध्यंतरी कळलं की छताची दुरुस्ती निघते आहे आणि आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ते दालन बंद, दोन-तीन वर्षं तरी. आमच्या वयाला दोन-तीन वर्षं म्हणजे काही चिल्लर नव्हे. म्हणून भाड्याची गाडी घेतली. (तुम्ही "ड्रायव्हर घ्या भाऊजी" म्हणाला होतात. पण जो माणूस छापखान्याच्या टेम्पोवर आपला आपण गाडी शिकला, त्याने ड्रायव्हर घेणं म्हणजे शिंप्याने बटण लावायला बाहेर देण्यासारखं.)

गाडीत रस्ता सांगणारी एक बाई होती, यंत्रातली. हिने तिला वेशीपाशीच बंद केलं. म्हणाली, "दोघींनी सांगितलं तर तुम्ही कुणाचंच ऐकणार नाही." मग स्वतः नकाशा मांडीवर घेतला. वेशीतून आत शिरलो, दोन्ही बाजूंना दगडी घरं, गल्ली अशी की आरसे मिटून घ्यावे लागले. ही म्हणाली, "उजवीकडे." वळलो. घरं संपली, शेतं लागली आणि गाडी थेट एका वीटभट्टीपाशी जाऊन उभी राहिली. भट्टीवाला म्हणाला, "राजवाडा? तो मागे राहिला की."

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उभा जन्म आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. तिच्या उजव्या हाताची दाभण माझ्या डाव्या हाताला, म्हणून ती नेहमी माझ्या बाजूने उलटं करून सांगते. आता शेजारी बसलो तरी खोड कशी जाणार? तेव्हा मी मनात ठरवलं की ही उजवं म्हणाली की आपण डावीकडे वळायचं. बोललो मात्र नाही, उगाच दुखवा कशाला. आणि तिनेही त्याच वेळी, न बोलता, काहीतरी ठरवलं, बहुधा उलटं सांगायचं. दुसऱ्यांदा तीच वीटभट्टी. मग दोघांनीही आपापलं ठरवलेलं मोडलं, तेही न बोलता. तिसऱ्यांदा भट्टीवाल्याने विचारलंसुद्धा नाही, नुसता चहा पुढे केला. "घ्या," म्हणाला, "आता घरचेच झालात."

ही चहा घेईना. उन्हं कलायला लागली होती. नकाशाची घडी घालत हळूच म्हणाली, "राहू द्या. पुस्तकात बघितलंय की." मेहुणेबुवा, ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "तू बोलू नकोस. नुसता हात दाखव." हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण आमचं त्या दिवशी सुलक्षण झालं. ती हात करी तिकडे मी वळे. दालनाचा रखवालदार किल्ल्या वाजवत दाराशी आला आणि आम्ही आत घुसलो.

तिने वर पाहिलं. मग म्हणाली, "हे उलटं रंगवलंय." हंस, होडी, कमळं, तिच्या लेखी सगळं पालथं. पुस्तक माझ्याकडे तोंड करून असायचं ना. तिने इतकी वर्षं ते चित्र समोरून, उलटंच पाहिलेलं. ती चालत गेली, माझ्या समोर जाऊन उभी राहिली, पुन्हा मान वर केली. "हां. आता बरोबर." रखवालदार किल्ल्या वाजवायचा थांबला. आम्ही दोघं टेबलाशी असल्यासारखे समोरासमोर उभे, फक्त माना वर.

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार, धाकट्यांना कान पिळून आशीर्वाद.

तुमचे,
भाऊजी

ता. क. पुढच्या महिन्यात डोंगरातला किल्ला बघायचा बेत आहे. गाडी तुम्ही चालवावी, ही विनंती. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. दोन. हिने पत्र वाचलं. म्हणते, "उलटं मी सांगत नव्हते. तुम्हाला डावं-उजवं कधी कळलंच नाही. टेबलावर मी मुद्दाम चुकीचं सांगायचे, म्हणून तर वस्तू हाताला लागायची. गाडी हातात आहे म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा खरं सांगितलं, तिथे फसले." यावर विश्वास ठेवू नये. मी पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात तिकीट लावलं आहे. ही हसते आहे. पत्र पोचलंच तर तिकीट कुठल्या कोपऱ्यात आहे ते ताबडतोब उलट टपाली कळवा.