अर्धी खोट तुमची

बाबा, “घेऊन जा हिले, हिच्या रक्तातच खोट हाये,” असं तुम्ही मामाला म्हणालात तेव्हा आई दारात चप्पल घालत होती. मामा जानेफळहून तिला न्यायला आला होता. तोही गप्प बसणारा नव्हता. “इतकी वरसं हिच्या हातचं खाल्लं जावाईबापू, तवा नाही दिसली खोट?” तुम्ही हसलात. ते हसू मी जपून ठेवलं आहे, परत करायला.

त्याआधीचे दोन हिवाळे तुम्हीच खोकत होता. जिनिंगमधून केसांत कापूस घेऊन यायचात आणि सगळे म्हणायचे, धुळीनं होतं. तुम्ही जेवून उठलात की आई तुमच्याच उष्ट्या ताटात वाढून घ्यायची, आणि दार लावून तुमची छाती शेकत बसायची. मग ती खोकायला लागली, तर धूळ कोणाला आठवली नाही. तिची जर्मनची थाळी गोठ्यातल्या खुंटीला गेली. ती तिथे जेवते आहे, मी उंबऱ्यावर, आणि ती पदर तोंडाला धरून म्हणते, “तू जाय वं घरात, बाबा पाह्यतीन.” मामाकडून ती परत आलीच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मात्र गाव हळहळलं, जिनिंगनं माणूस खाल्ला म्हणून.

गेल्या वर्षी मलाही क्षय झाला. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी तुमचंच वाक्य ऐकवलं, आईच्या रक्तातून आला असेल. उष्ट्या ताटाचंही विचारलं. “ताई, जंतू रक्तातून येत नाही, खोकणाऱ्याच्या श्वासातून येतो,” त्या म्हणाल्या. “ताटानंही नाही. पुष्कळांच्या अंगात तो निजून राहतो. कोणात उठेल ते खाण्यावर, थकव्यावर, आणि थोडं जनुकांवरही असतं. शरीराची राखण करणारी जनुकं पुष्कळ आहेत. अर्धी आईची, अर्धी वडिलांची. एकट्या आईच्या नावावर कशी घालता?”

अर्धी तुमची, बाबा. घरी येईपर्यंत मी एसटीत तेवढंच घोळवत होते.

औषधं पूर्ण केली, बरी झाले. मग धाड गावचे पाहुणे लेकीला बघायला आले. त्यांच्यातल्या म्हातारीनं विचारलं, “पोरीची आजी, तुही माय, कशानं गेली व?” काका मला डोळ्यांनी दाबत होते. मी म्हणाले, “क्षयानं. मलाही झाला होता, औषधानं गेला. आणि माझ्या वडिलांना तिच्याआधी असावा, पण त्यांना कोणी तपासलं नाही.” पाहुणे गेल्यावर काका बोलले, “मेलेल्या मानसाचं नाव काऊन खराब करून राह्यली?” मी म्हटलं, “आईचं तर ती मेल्यावरही करत राहिलात, ते?”

धाडहून अजून निरोप नाही. लेक म्हणते, न आला तर बरंच. मला भीती वाटते, तरी त्या दिवशी फार गोड झोप लागली, हे लपवत नाही.

एक मात्र कबूल करते. आजारात खोकताना मी डावा हात गुडघ्यावर टेकायची, अगदी तुमच्यासारखा, आणि तेव्हा तुमचीच आठवण यायची, आईची नाही.

हा कागद आईच्या त्या जर्मनच्या थाळीखाली ठेवते आहे, तुम्हाला कुठे पाठवणार. पण तिथे आई भेटली तर एवढं करा. तिला आधी जेवू द्या, आणि ती उठल्यावर तिच्या उष्ट्या ताटात बसा. तुम्ही नाहीच म्हणाल.