खालची ओळ

किन्हीराजा,
दि. २३ जुलै २०२५

आदरणीय वैजयंतीताईंना वर्षाराणीचा नमस्कार.

आपली भेट कधी झाली नाही. मी तुमच्या विकासची बायको, तुमची भावजय. तुमचा पत्ता मालेगावला तुमच्या सासूबाईंकडून घेतला. तारामतीकाकू कापडाच्या दुकानात बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी पाणी दिलं, मग पत्ता. त्यांच्या मुलाचा, अर्पितभाऊजींचा, नंबरही देत होत्या, तो मी घेतला नाही. का, ते पुढे येईलच.

इकडे सर्व ठीक आहे. सोयाबीनमधलं तण काढून डवरणी झाली. आईंचे गुडघे दुखतात, पण सकाळचं झाडणं दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. तुमचे भाऊ आहेत तसेच आहेत. काहीही विचारलं तरी "पाहू" म्हणतात.

मामाजी, म्हणजे तुमचे बाबा, शाळेतून निवृत्त झाले ते तुम्ही गेल्यानंतर, म्हणून त्यांचा फळा तुम्हाला माहीत नसेल. शाळेने काढून टाकलेला एक फळा त्यांनी काळा रंग देऊन एसटीच्या थांब्यावर टांगला आहे. रोज सकाळी त्यावर दोन ओळी लिहितात. वरची ओळ जगाच्या दिनविशेषाची, खालची आपल्या गावाच्या. वरची पुस्तकांतून येते. खालच्या ओळीला मात्र नियम आहे: ज्यांनी ती गोष्ट डोळ्यांनी पाहिली असे दोघं जण फळ्यासमोर येऊन तारीख सांगतील, तरच ती लिहायची.

हा नियम म्हणजे गावाची करमणूक झाली होती. गावात वीज आली ती पोळ्याआधी की पोळ्यानंतर, यावरून गोविंदाबाप्पू आणि अमरसिंगकाका अंगावर धावून गेले. दोघांचं एकमत होईपर्यंत मामाजींनी वीज काही फळ्यावर येऊ दिली नाही. गोमतीबाईच्या म्हशीला जुळं झालं, त्याचीसुद्धा रीतसर साक्ष झाली. आता लोक एसटीची वाट पाहताना खालची ओळ आधी वाचतात. चंद्र, युद्ध, स्वातंत्र्य, सगळं नंतर.

चंद्रावरून आठवलं. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख पुस्तकात वीस जुलै असते. मामाजी एकवीसला लिहितात, कारण आपल्या घड्याळात तेव्हा एकवीस लागली होती. इतके ते तारखेचे पक्के. आणि त्या एकवीस जुलैला खालची ओळ दर वर्षी रिकामी असते. का, ते गावाला माहीत आहे आणि तुम्हालाही. त्याच तारखेला तुम्ही अर्पितभाऊजींसाठी घर सोडून मालेगावच्या गाडीत बसून गेलात.

मी या घरात आल्यापासून तुमचं नाव मोठ्याने कोणी घेतलेलं ऐकलं नाही. मामाजींनी तुम्हाला काय काय सुनावलं ते आईंनी मला सांगितलं आहे. ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही ते विसरला नसणार.

परवा एकवीसला मी मामाजींचा चहा घेऊन थांब्यावर गेले होते. त्यांनी चंद्र लिहिला आणि खडू खिशात टाकला. गोमतीबाई आणि नानीबाई बाजाराला निघाल्या होत्या. गोमतीबाईचं तोंड तुम्हाला माहीत आहे.

"गुर्जी, हे ओळ दरसाल रिकामी काहून राह्यते?" ती म्हणाली. "तुमची वैजू इथूनच गाडीत बसली. म्या पायलं, या नानीनं पायलं. झाले ना दोन? लिवा मंग."

थांब्यावरचे सगळे मामाजींकडे पाहू लागले. नियम त्यांचाच, माणसंही दोन, आणि दोघी फळ्यासमोर उभ्या. मामाजी कात्रीत सापडले. त्यांनी खडू पुन्हा बाहेर काढला, हात वर नेला, आणि तसाच खाली घेतला. मग चहा न घेता घरी आले. खरं सांगते ताई, तोपर्यंत मला त्यांचा रागच होता. त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहून मला रडू आलं.

दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर मला बोलावलं. आई पलीकडे तांदूळ निवडत होत्या.

"सूनबाई, ते गेली त्याचे साक्षीदार हायेत," मामाजी म्हणाले. "पण मले ते लिहायचं नाही. तिचं लगन झालं, ते लिहायचं हाय. अन् त्याची तारीखच मले माहीत नाही."

आईंचे हात थांबले. मी म्हटलं, फोन करून विचारते. तर म्हणाले, फोनवरची तारीख तारीख नसते, लेखी विचार. म्हणून हे पत्र आहे, ताई. नंबर घेतला नाही तो याचसाठी.

पण मीही त्यांच्याच घरची सून. मी विचारलं, तारीख लेखी येईल, पण साक्षीदार कुठून आणणार? लग्नाला तर गावचं कोणीच नव्हतं.

"नवरा-नवरी तं होते ना तिथं," ते म्हणाले. "दोघं मिळून दोन होतात."

मग उठून पाय धुवायला गेले. आईंनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, पत्रात इचार, जावई कांदा खातात का. चौमासा हाय त्याईचा, कांदा चालते का नाही मले आधी माहीत पायजे. ताटाची तयारी त्यांनी मनात सुरूसुद्धा केली आहे.

यापुढे मी काय लिहू? माफी मागायला मामाजींना अजून जमलेलं नाही, आणि जमेल असं खोटं मी सांगत नाही. मी तुमच्या जागी असते तर आले असते की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. पण या माणसाने आजवर खालची ओळ कोणासाठी स्वतः मागून लिहिलेली नाही. तुमची मागतो आहे.

तारीख लेखी पाठवा. साक्ष मात्र पत्राने चालत नाही, ती फळ्यासमोर उभं राहूनच द्यावी लागते. मालेगावची गाडी अजून त्याच थांब्यावर थांबते.

कांद्याचंही कळवा.

दोन्ही साक्षीदारांची वाट पाहणारी,
तुमची भावजय
वर्षाराणी