पालखीच्या वाटेवरचे नळ

आबा, मी तुमच्यावर एक प्रकरण लिहिलं आहे. नाव घातलेलं नाही, 'पाणी कमिटीतील एक वजनदार सभासद' एवढंच. पण आपल्याकडे वाचणाऱ्याला कळेलच. माझा एम.ए.चा प्रबंध गावच्या नळांवर आहे. पाणी आधी कुठल्या आळीत गेलं, आणि ते कोणी ठरवलं.

नळ यायचे ठरले तेव्हा आपल्या ओसरीवर रोज भांडणं व्हायची. प्रत्येकाला नळ आपल्याच दारात हवा. एका सकाळी तुम्ही म्हणालात, "देवाची पालखी जिथनं जाती, तिथनंच नळ न्यायचा. देवाच्या वाटंला कोन न्हाई म्हनंल?" भांडण तिथेच मिटलं. मी खांबाआड उभी आहे आणि मला वाटतंय, माझ्या आबांएवढं शहाणं गावात कोणी नाही.

पालखी विटाळाच्या भीतीने खालच्या वस्तीत जात नसे, वळणावरूनच माघारी फिरे. नळही तिथेच थांबला. पाणी आलं त्या दिवशी तुम्ही पेढे वाटताय, आणि त्या वस्तीतली एक बाई रिकामा हंडा घेऊन लांब उभी आहे. "मालक, देव आमच्याकडं येत न्हाई ते ठावं हाय. पर पानी देवाच्या मागनं कशापायी चाललंय?" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. "फुडल्या साली बघू," म्हणालात. पुढच्या सालापर्यंत तुम्हीच राहिला नाहीत. नळ अजून त्या वळणावरच आहे.

परवा घरी गेले, तर आंबवड्याहून काका आलेले. "बापाची अब्रू येशीवर टांगाया शिकवलं व्हय गं तुला? ती पानं फाड, न्हाईतर या घरात पाऊल टाकू नगंस." आई चुलीपुढून उठली नाही. मी निघाले तेव्हा मात्र दारापर्यंत आली. म्हणाली, "ते असते तर नेला असता गं नळ खाली." मला ते लिहिता आलं नाही, आबा. तसं कमिटीच्या कागदांत कुठे काही सापडत नाही.

वसतिगृह सुट्टीमुळे रिकामं आहे. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना प्रकरण फार आवडलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्या घरच्यांना ही गोष्ट सांगावी, त्यांच्याशीच आता बोलणं नाही.

प्रबंध उद्या देणार आहे. पानं फाडणार नाही. पण तुम्ही असतात, आणि समोर बसून चहाची बशी माझ्याकडे सरकवली असतीत, तर मी यातली एक ओळही लिहिली नसती.