गणराजच्या तापाची वारसनोंद

मी, विजयश्री सोपानराव बोरकुटे, वय ४७, मूळची धानोरा, जिल्हा गडचिरोली इथली, सध्या राहणार आकुर्डी, मलेरियाच्या परजीवीची संशोधक, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. डोके शाबूत आहे, रक्त नाही. त्याचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी दिवाळीचे नाव काढणे बंद केले आहे.

१. आकुर्डीची सदनिका वहिनी जयमाला हिला. माझा भाऊ गणराज गेल्यावर जे तिला ‘माहेरी जा’ म्हणाले, त्यांना तिने उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

२. गणराज चाकणला कंपनीत होता. गावच्या लग्नाहून ताप घेऊन आला. टायफॉइड समजून नऊ दिवस गेले, निघाला मलेरिया. त्याच्या शेवटच्या रक्तातला परजीवी मी प्रयोगशाळेत वाढवला आणि सहा वर्षे त्याला माझेच रक्त पाजले. विभागप्रमुख त्याला ‘बाईंचा पाळीव ताप’ म्हणतात, हे मी विसरलेले नाही.

शंभरातले दोन-तीन परजीवी नर-मादी होतात, तेवढेच डासातून पुढच्या माणसाकडे जातात. तो खटका दाबणारे जनुक माहीत आहे. त्या जनुकाला जागे कोण करते, ते शोधायचे राहिले. हाताशी आले होते हो!

३. गेल्या खंडेनवमीला आमचे मदतनीस ज्योतीराम यांनी गोठवलेल्या नमुन्यांची नायट्रोजनची टाकी पुसली, हळदकुंकू लावले, आणि झेंडूचा हार नीट बसेना म्हणून झाकण काढून ठेवले. तीस वर्षे फाउंड्रीत यंत्रे पुजलेला माणूस! चार सुट्ट्यांत नायट्रोजन उडाला, सगळे नमुने गेले. ज्यात परजीवी वाढत होता तो चालू फ्लास्क तेवढा उरला. मी त्यांना नको नको ते बोलले. नव्या टाकीची फाइल अजून फिरतेच आहे, तोवर पुन्हा गोठवायची सोय नाही.

४. त्या फ्लास्कला दिवसाआड पोषकद्रव आणि दर आठवड्याला ओ गटाचे ताजे रक्त लागते. माझे आता चालत नाही. कोणी पाहिले नाही तर त्यातला परजीवी आठवडाभरात मरेल, आणि गणराज फुकट गेला असे होईल. मला हे सोसवत नाही. फ्लास्क संस्थेचा आहे, तो मला कोणाला देता येत नाही. म्हणून संस्थेपुढे पदर पसरते, तो ज्योतीराम यांच्या हाती ठेवा.

परवा ते दारात उभे राहून म्हणाले, “म्याडम, माझा गट बी ओच हाय. माझं रक्त चालंल का?” मी दार लावून घेतले.

ज्योतीराम, चालेल.

कुसुमताई, सह्या झाल्या की हे कलम त्यांना आजच वाचून दाखवा. मी मेल्यावर नको.

ठिकाण : आकुर्डी
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५
सही : विजयश्री बोरकुटे

आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. कुसुमताई लोंढे, शेजारी
२. डॉ. तेजस्विनी गव्हाणे, चऱ्होली