यारेत्सीच्या इंजिनातल्या पोलादी दांड्या

प्रिय पापा,

पेरोतेच्या घाटातली शर्यत येत्या रविवारी आहे, आणि तुमची पिवळी व्होचो गाडी यारेत्सी चालवणार आहे, हे मला तुमच्याकडून नाही, टॅक्सीवाल्या वेन्सेस्लाओकडून कळलं. तो बहिणीला भेटायला तुमच्याकडे व्हेराक्रूझला आला होता ना, तिथून परतला तो थेट ऑइल बदलायला माझ्या दारात. गाडीखाली मी, आणि वर उभा राहून हा सांगतोय, “काय गं ग्रिसे, बापाने तिकडे दुसरी लेक तयार केली की. हात तुझ्यापेक्षा हलका आहे हो तिचा.” मी म्हटलं, “तोंड आवर, नाहीतर बूच न लावताच पाठवीन.” तो हसला. मला हसू आलं नाही. पापा, आडपडदा कशाला, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या रात्री मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी एका गरीब गिऱ्हाइकावर उगाच खेकसले.

तुम्ही युलालियाबाईंशी लग्न केलंत, समुद्राकाठी राहायला गेलात, त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तुम्ही एकटेच भांडी घासत रेडिओशी बोलायला लागला होतात. बाई चांगल्या आहेत. त्यांच्या हातचे मासे मी दोनदा मागून घेतले होते, आठवत असेल. पण बाईंबरोबर त्यांची ही पोरही येणार, आणि तिला तुम्ही पाना धरायला शिकवणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता तुमचा फोन आला की यारेत्सीने कार्बुरेटर उघडला, यारेत्सीने क्लच बसवला. इथे कुआउतेपेकच्या चढावर निम्म्या टॅक्सी माझ्या हातून दुरुस्त होऊन चालतात, ते तुम्ही कधी विचारत नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त झोंबलं ते त्या पुशरॉडचं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं. वेन्सेस्लाओ म्हणाला, मास्तरांनी, म्हणजे तुम्ही, तिच्यासाठी तिहुआनाहून पोलादी दांड्या मागवल्यात. मी तिच्याच वयाची होते तेव्हा ह्याच घाटासाठी तुमच्याकडे पोलादी दांड्या मागितल्या होत्या. मी म्हणत होते, स्प्रिंग दुप्पट कडक घातल्यात, तर ॲल्युमिनियम वाकेल. तुम्ही खानावळीच्या टेबलावर हात पुसत मला समजावलंत की वाऱ्यावर थंड होणारं इंजिन तापलं की त्याचं सगळं घरच वाढतं. ॲल्युमिनियम घरच्या माणसासारखं, सगळ्यांबरोबर वाढतं, दांडी आणि व्हॉल्व्हमधली फट जिथल्या तिथे राहते. पोलाद पाहुण्यासारखं, घर कितीही वाढो, ते आपल्या तोऱ्यात. वर म्हणालात, “तू काय एवढं पळवणार आहेस? घरचं आहे ते घाल.” सगळी खानावळ हसली होती. मी घरचं घातलं. तिसऱ्या वळणाच्या पुढे दोन दांड्या वाकल्या आणि मी गाडी मालट्रकमागे दोराने बांधून घरी आले. वाटेत तुम्ही एवढंच म्हणालात की शर्यत हे आपल्यासारख्यांचं काम नाही. आणि आता पाहुणीसाठी पाहुणं पोलाद आलं. माझ्यापेक्षा ती जोरात पळवेल असं तुम्हाला तिला बघूनच वाटलं, की तेव्हा मला नीट बघितलंच नव्हतंत?

वेन्सेस्लाओने फोनवर काढलेला फोटो मला पाठवला. बहुतेक मला डिवचायलाच. गाडीचं मागचं झाकण उघडं, तुम्ही खाली बसून टॅपेटची फट लावताय, आणि ती शेजारी उकिडवी बसून केळीच्या पानात उकडलेला मक्याचा तमाल खातेय. इंजिनावर आणखी दोन तमाल ठेवलेत. मलाही तुम्ही तसेच गरम करून द्यायचात, फॅनच्या पत्र्यावर ठेवून, आणि आईपासून लपवून त्यातली मिरची काढून टाकायचात. तो फोटो मी इतक्यांदा पाहिला की तेवढ्यांदा कुणी प्रेमानेही पाहिला नसता. तुमचा हात तिच्या खांद्यापासून किती लांब आहे, तिच्या अंगात माझा जुना निळा डगला तर नाही ना, सगळं निरखून पाहिलं. आणि कितव्यांदा तरी पाहताना लक्षात आलं की त्या तमालातून वाफ निघतेय.

म्हणजे इंजिन गरम होतं, पापा. तुम्ही कोमट इंजिनावर टॅपेट लावलेत, आयुष्यभर लावलेत तसेच. टॅक्सीवाल्याला रात्रभर गाडी ठेवायला परवडत नाही, म्हणून तुम्ही ती सवय लावून घेतलीत, मलाही लावलीत, आणि ॲल्युमिनियमला ते चालून गेलं. पोलादाला चालत नाही. तुम्ही गेल्यावर मी इथे पोलादी दांड्या घालून पाहिल्या आणि पदरचे दोन व्हॉल्व्ह जाळून हे शिकले. कोमट असताना फट शून्य केलीत, तर गार पडल्यावर घर आक्रसतं, पोलाद तेवढं आक्रसत नाही, आणि दांडी व्हॉल्व्हला उघडाच धरून ठेवते. व्हेराक्रूझच्या उकाड्यात कळणार नाही. पेरोतेला पहाटे गवतावर बर्फ असतो. गाडी सुरूच होणार नाही. मग तुम्ही ढकलून सुरू कराल, आणि ती थंड इंजिनावरच चढ घेईल. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून आग जाईल. त्याची टोपी तुटून सिलिंडरमध्ये पडली तर इंजिन जागच्या जागी जाम होतं. त्या घाटात कठडे नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हे कळल्यावर मी लगेच फोन केला नाही. काही दिवस गप्प बसले, आणि पापा, ते दिवस मला फार गोड गेले. पोलाद मिळालं ना पोरीला, बघू आता, असं म्हणत मी शिट्टी वाजवत काम करत होते. मनात ती नुसती सुरू न होणाऱ्या गाडीत बसलेली दिसायची, लोक हसताना दिसायचे. मग काल कुणाची तरी व्होचो घेऊन मी आपला उतार उतरत होते, आणि वळणावर ब्रेक लावताना मनात ती हसणारी माणसं आलीच नाहीत. नुसतं घाटातलं बिनकठड्याचं वळण दिसलं. मी गाडी कडेला घेऊन बसून राहिले.

पापा, तुमचं पत्र इथे संपलं. तब्येतीला जपा.

यारेत्सी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. मोतीबिंदूपासून त्यांना माझं बारीक अक्षर लागत नाही आणि तुझी आई वाचायचा कंटाळा करते, तेव्हा पहिल्या ओळीपासून तूच वाचते आहेस, हे मला माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच लिहिलं. तुझा नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर मी गोड बोलले असते, आणि शर्यतीच्या तोंडावर सवतीसारखी थोरली गोड बोलून इंजिन उघडायला सांगते म्हटल्यावर तू ऐकलं नसतंस. मीही ऐकलं नसतं. म्हणून आधी सगळी जळजळ तुझ्यासमोर ओतली. ते आत्ता म्हणत असतील, “चाळीस वर्षं टॅपेट लावतोय, ही मला शिकवते.” म्हणू देत. शनिवारी गाडी रात्रभर उघड्यावर ठेव. पहाटे किल्ली लावायच्या आधी, ते झोपेत असताना, व्हॉल्व्हवरची झाकणं काढ. व्हॉल्व्ह बंद असताना प्रत्येक दांडी दोन बोटांत सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. जी फिरणार नाही ती सैल कर. सैल केलीस ते त्यांना सांगू नकोस. चूक माझ्या बापाची आहे, आणि ती तुला दिसावी हेही मला आवडत नाही. जिंकलीस तर कळवू नकोस, वेन्सेस्लाओ सांगेलच तिखटमीठ लावून. पण घाट उतरून खाली आलीस की हेल्मेट काढायच्या आधी मला फोन कर.

‘तुझीच’ लिहायला अजून हात धजत नाही,
ग्रिसेल्दा