रिपोर्टात माझं नाव नाही

रविवार, ७ डिसेंबर
पहाटे उठले. गुडघे उठत नव्हते, त्यांना ओढत नेलं. सोसायटीतल्या अभयसरांच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपबरोबर लोणी काळभोरकडे, नदीवर. थंडीनं जीव नको झाला. पण खंड्या पहिला मीच पाहिला! तारेवर, निळाशार. मी ओरडले, तो उडाला. सर म्हणाले, चंपाताई, जरा हळू. म्हटलं, अहो सर, हळू ओरडले तर तुम्हाला ऐकू कसं येणार?
आमच्या खालच्या मजल्यावरचा शुभंकर पण होता. बायकोला, भाग्यश्रीला, सांगतो की रविवारी ऑफिसचं काम असतं. ती बिचारी जुळ्यांच्या मागं आणि हा इथं दुर्बीण लावून. मला म्हणाला, आजी, घरी बोलू नका हं, फार वांधे होतील. म्हटलं, पोरा, येरवड्याच्या जेलातनं एखादा बाहेर येईल, माझ्या तोंडातनं शब्द नाही.

सोमवार, ८
सरांचा रिपोर्ट मोबाइलवर आला. नातीनं, मैत्रीनं, वाचून दाखवला. माझी शाळा चौथीतच सुटली, बारीक अक्षर लागत नाही. पक्ष्यांची नावं सगळी, इंग्रजीतलीसुद्धा. माणसाचं एक नाही. ‘सहभागी : दहा.’ खंड्या म्हणे ‘एका ज्येष्ठ सदस्याने’ पाहिला. खंड्याला नाव आहे, मला नाही!
मैत्री म्हणाली, आज्जी, प्रायव्हसी असते. कोण कुठं गेलं ते जगाला कशाला? बरं बाई. आजपासून कुणाचंच नाव घेणार नाही. माझंपण नाही.

बुधवार, १०
माझं घेतलं. पण फक्त माझंच.
खाली उन्हात बसलो होतो. रिपोर्टातला खंड्या मीच पाहिला, असं सांगितलं. शेजारची नसीमबानू म्हणाली, चंपाबाई, तो ज्येष्ठ सदस्य तुम्हीच कशावरून? आता एवढं म्हटल्यावर साक्षीदार द्यायला नको? म्हटलं, शुभंकरला विचार, माझ्याशेजारीच उभा होता. भाग्यश्री मागं जुळ्यांचे कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं नसणार. दातात चिमटा होता. दातात चिमटा असला की कानाला कमी येतं.

गुरुवार, ११
ऐकलं होतं. रात्रभर खालून भांडी आपटल्याचे आवाज येत होते.
शुभंकर जिन्यात भेटला. आजी, तुम्ही पण ना, एवढंच म्हणाला. चेहरा उतरलेला. ऑफिसचं काम फार असेल.
आता ठरवलं. त्याचं नाव काढायचंच नाही. नुसतं ‘खालच्या मजल्यावरचा जुळ्यांचा बाप’ म्हणायचं. कुणाला काही कळायचं नाही.

शनिवार, १३
सरांना फोन केला, उद्या कुठं जायचं? म्हणाले, चंपाताई, थंडी फार आहे, गुडघ्यांना विश्रांती द्या. केवढी काळजी माणसाला! मैत्री म्हणते, ग्रुपवर चार दिवस एक मेसेज नाही, त्यांनी दुसरा ग्रुप काढला असेल. काहीतरीच. सगळ्यांपुरते मेथीचे धपाटे केले. पाठ मोडली.

रविवार, १४
गेटवर बसले. उजाडलं. गाडी आली नाही.
जुळ्यांचा बाप जुळ्यांना घेऊन खाली आला. दोघांना कावळा दाखवत होता. धपाटा दिला, त्यानं घेतला नाही. पोरांनी घेतला.

सोमवार, १५
नेटवर रिपोर्ट आला म्हणे. ‘सहभागी : आठ.’ पुन्हा नावं नाहीत. मैत्रीनं वाचून दाखवला आणि चहा ठेवायला गेली.
नावं नाहीत, म्हणजे मी नव्हते असंही कुठं लिहिलेलं नाही.
दुपारी नसीमबानूनं विचारलं, काल गेला होतात का? म्हटलं, तर! पक्षीच पक्षी. ती म्हणाली, अस्सं? मग सकाळी गेटवर मांडीवर डबा घेऊन कोण बसलं होतं?
म्हटलं, आमच्यात नावं सांगत नाहीत.