पाचशे गोड संत्री

लास गार्सास, तलावाकाठी
१९ मार्च, गुरुवार

चि. निकानोर यास,

फाडून टाकण्याआधी एवढं वाच, आई ठीक आहे. पाय दुखतात, तोंड चालू आहे, म्हणजे ठीकच. चार वर्षांत तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस, म्हणून हा कागद. मासेवाल्या एदिल्माचा जावई तुझ्या दाविद शहराकडे जाणारी बस चालवतो. तुझ्या हातात पडल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला बजावलंय, तेव्हा त्या गरिबाला ताटकळत ठेवू नकोस.

इकडची खुशाली अशी की आंबे धरलेत, चर्चचा उडालेला पत्रा अजून उडालेलाच आहे, आणि नळाला नऊ दिवस पाणी नाही. टँकर येतो. आई टँकरवाल्याला रोज शिव्या घालते आणि रोज त्याला कॉफी पाजते. पाण्याचं पुढे लिहिते.

आधी तेल अडवायच्या वार्षिक सरावाची गंमत ऐक. तू गेल्यापासून तो फारच थाटात होतो. आंपारो कंपनीचा मांडव, मांडवावर फलक, ‘संकटात आंपारो तुमच्यासोबत’, आणि फलकाखाली आपले अब्दिएल साहेब, इस्त्री केलेलं लाइफ जॅकेट घालून. लाइफ जॅकेटला इस्त्री करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कालव्यातून जाणाऱ्या बोटींना तेल भरायचा धक्का यांच्याकडे, आणि ते तेल सांडलंच तर तलाव वाचवायची जबाबदारीही यांच्याकडेच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

फेब्रुवारीत पुन्हा पाचशे संत्री तलावात ओतली. संत्रं तेलासारखंच वाऱ्याबरोबर तरंगत जातं, म्हणून ती अडवून दाखवायची. कोठारातून तेल अडवायचा तरंगता पट्टा काढायचा, पाण्यावर पसरायचा, वेढा घालायचा. पण पट्टा काढतो कोण? शिट्टी वाजायच्या आत अख्खं गाव होड्या घेऊन पाण्यात. एदिल्मा सगळ्यांत पुढे, मासे धरायचं जाळं घेऊन.

“साहेब, यंदा तरी गोड आहेत ना? गेल्या वर्षी निम्मी फिकी निघाली!”

“मध आहेत मध, दोन्या एदिल्मा! वेचा तुम्ही!”

सतरा मिनिटांत चारशे ब्याण्णव संत्री वेचून झाली. उरलेली आठ पोरांनी पाण्यातच खाल्ली. कंपनीच्या दोघांनी कोठाराच्या बंद दारावर हात ठेवून फोटो काढला आणि अहवालात लिहिलं, ‘अठ्ठ्याण्णव टक्के तेल यशस्वीपणे परत मिळवले.’ तो अहवाल मीच टाइप केला. कोठाराच्या यादीवरही मीच लिहिलं, ‘तपासलं. स्थिती उत्तम.’ दर महिन्याला लिहीत आले आहे. अक्षर माझं सुंदर आहे, हे तुला ठाऊक आहेच.

तुझ्या वेळचा सराव इथे कुणी विसरलेलं नाही. गोड संत्र्यांच्या जागी तू आंबट-कडू संत्री आणून ओतलीस. एदिल्माने एक चाखून थुंकलं आणि सगळ्या होड्या माघारी फिरल्या. मग साहेबांना पट्टा काढावा लागला आणि तो हातात तुटून आला. पाचशेची पाचशे संत्री वाहत जाऊन गावाच्या पाण्याच्या पंपाशी लागली. मी काठावर उभी राहून हसत होते. तुझ्यावर हसत होते, निकानोर. म्हटलं, याला स्वस्थ म्हणून बसवत नाही.

आठवड्याभरात तुला काढलं आणि पुढच्या सोमवारी कोठाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. तेव्हा मी सांगितलं होतं की आईच्या औषधांसाठी घेतली नोकरी. खोटं होतं ते. औषधं तर तूच आणत होतास. मला किल्ल्यांचा तो खुळखुळाट आवडला, आणि बाजारात लोक मला मानाने दोन्या एनेइदा म्हणायला लागले ते आवडलं. एवढ्यासाठी मी सख्ख्या भावाच्या जागेवर बसले.

आता पाण्याचं.

गेल्या मंगळवारी, दहा तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला धक्क्यावर तेलाची नळी फुटली. काळं, जाड तेल. वारा नेमका पंपाकडे. मी कोठाराकडे धावले तर कुलूप गंजलेलं, हातोड्याने तोडलं. आत गुंडाळ्यांमध्ये गांधीलमाश्यांची पोळी. पट्टा ओढला तर शिळ्या पावासारखा भुगा झाला. चार वर्षांत एकही गुंडाळी कुणी उलगडलेली नव्हती. आणि कोठाराची राखणदार मी!

काठावर गाव जमलं होतं. साहेब घामाने निथळत होते. या वेळी जॅकेटला इस्त्री नव्हती. ते ओरडायला लागले, “बघताय काय? घाला ना होड्या! दर वर्षी घालता तशा घाला!”

एदिल्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ही काय संत्री आहेत का, साहेब?”

कुणी हसलं नाही. तेल पंपात शिरताना आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. दुपारी कालव्याच्या सरकारी कचेरीची माणसं स्वतःचा पट्टा घेऊन आली, मुकाट्याने वेढा घातला, मुकाट्याने तेल उपसलं. पण तोवर बैल गेला आणि झोपा केला. दोनशे घरांचं पाणी गेलं. सार्हेंतो मासे पोट वर करून काठाला लागलेत. एदिल्माच्या घरात मासे विकण्याखेरीज दुसरं काही नाही, आणि ती मला अजून एक शब्द बोललेली नाही. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

कालव्याच्या कचेरीतल्या एका बाईने आमच्या पट्ट्याचा तुकडा दोन बोटांनी उचलला आणि विचारलं, “हे कोण सांभाळतं?”

मी म्हटलं, “मी.” एवढं एकच खरं त्या दिवशी बोलले.

सोमवारी साहेबांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की पट्टा तुझ्या काळातच खराब झाला, तू ते लपवलंस, सराव मुद्दाम बिघडवलास आणि मला न सांगता कोठार हवाली केलंस. खाली माझ्या सहीची जागा.

“सही केली नाही तर सगळं तुमच्यावर येईल, दोन्या एनेइदा. नोकरी जाईल, वर खटला. आणि भाऊ तर तुमच्याशी बोलतही नाही. त्याचं असं काय बिघडणार आहे?”

किती गोड बोलतो मेला. त्याच्या संत्र्यांसारखा.

निकानोर, आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते. त्या सरावानंतर तू नोंदवहीत एक पान लिहिलं होतंस. ‘पाचशेपैकी एकही परत नाही. पट्टा कुजलेला आहे. तेल सांडलं तर सरळ पंपात जाईल.’ खाली तारीख आणि तुझी सही. तू सगळ्यांना ओरडून सांगत होतास की मी लिहून दिलंय, आणि वहीत पान सापडत नव्हतं. तू खोटारडा ठरलास. आईसुद्धा गप्प बसली.

पान माझ्याकडे होतं. मला किल्ल्या देताना साहेबांनी ते फाडून माझ्या हातात दिलं आणि जाळायला सांगितलं. मी जाळलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, उगाच समजू नकोस. कधी साहेब उलटलेच तर हाताशी असावं म्हणून ठेवलं. चार वर्षं ते तांदळाच्या डब्याच्या तळाशी होतं. रोज त्या डब्यातले तांदूळ काढून मी आईला भात वाढला, आणि तुझं नाव निघालं की तिच्याबरोबर उसासे टाकले. साहेबांची मला किळस येते, पण त्यांनी निदान डोळे मिटून घेतले होते. मी तर वाचून, समजून, सुंदर अक्षरात ‘उत्तम’ लिहीत होते.

काल ते पान मी कालव्याच्या त्या बाईला नेऊन दिलं. सोबत माझ्या सगळ्या याद्या आणि एक कबुली, की मला माहीत होतं. साहेबांचा कागद सही न करताच परत केला. आज सकाळी त्यांनी माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. चालताना कंबर फार हलकी वाटते, आणि लाज अजिबात हलकी वाटत नाही.

सत्तावीस तारखेला चौकशी आहे. ते पान तुझंच आहे असं सांगायला तुला बोलावतील. माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याविरुद्ध जे बोलायचं ते बोल, सगळं खरंच असेल. पण आलास तर आईकडे जेवायला थांब. मी त्या दिवशी एदिल्माच्या दारात बसेन. ती आत घेईल असं नाही, तरी बसेन.

मला माफ कर असं लिहिणार होते. लिहून खोडलं. तेवढं मागायचं तोंड नाही.

ही यादी शेवटची, आणि तुला पाठवतेय.

तपासलं. स्थिती वाईट.

एनेइदा